खळीने झाकलेली चित्रे

जीवसृष्टीच्या त्या पुस्तकातली अकरा चित्रे मी माझ्या हाताने झाकली. मला तसे कोणी सांगितले नव्हते. पाद्रीसाहेबांनी तर ते पुस्तक मुलींना जरूर द्या म्हणून आग्रह केला होता. गव्हाच्या पिठाची खळ मी केली, कागद मी कापले, आणि चिकटवल्यावर वरून मूठ फिरवून ते घट्ट बसवले तेही मीच. हे आधी सांगून टाकतो. पुढे जे झाले त्यात कोणाला सापाचा, शेजारणीचा किंवा माझ्या मुलीचा दोष दिसू लागला, तर त्याने पुन्हा या ओळींपाशी यावे.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हते ते दिवस आले होते. दर्यापूर, अकोटकडून गाड्यांच्या रांगा लागत, अमरावतीच्या रस्त्यांत त्या एकमेकींत अडकत आणि गाडीवाले दिवसदिवस एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करत बसत. मी एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या कचेरीत दुभाषा होतो. मुंबईहून आलेले पत्र मराठीत सांगायचे, दलाल काय म्हणतो ते इंग्रजीत सांगायचे, पुन्हा साहेब काय म्हणाला ते मराठीत. संध्याकाळपर्यंत घसा कोरडा पडे. दुसऱ्यांचीच वाक्ये दिवसभर बोलून मला स्वतःचे असे काही बोलावेसे वाटत नसे. घरी आलो की धाकटी मांडीवर बसून माझ्या मिशांत अडकलेले कापसाचे तंतू वेचायची आणि थोरली पाटी घेऊन समोर बसायची. मग मी त्यांना शिकवायचो.

शिकवायचो, कारण दुसरे कोणी शिकवत नव्हते. मी भिक्षुकी करणाऱ्या घरातला. बाप्तिस्मा घेतला तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. बायको वर्षभराने माझ्यामागे आली; विश्वासाने आली की माझ्यासाठी, हे मी तिला कधी विचारले नाही. ज्या पंतोजींकडे थोरली चार अक्षरे शिकायला जात असे, त्यांनी बाप्तिस्म्यानंतर आठ दिवसांनी निरोप धाडला की पाण्याच्या घागरीवरून इतर पालकांची कुरकुर आहे, तेव्हा मुलीला घरीच ठेवलेत तर सगळ्यांच्याच सोयीचे. त्या वेळी अमरावतीत ख्रिस्ती घरे तीन आणि अकोल्यात एक. चारही घरांची हीच गत. पाद्रीसाहेब म्हणाले, मग घरीच शाळा करा, पुस्तके मी मागवतो.

कापसाचे गठ्ठे घेऊन घाटाखाली गेलेल्या गाड्या परतताना रिकाम्या येत. अशाच एका गाडीतून पुस्तकांची पेटी आली. पुस्तके निवडायचे काम माझ्याकडे आले, कारण चार घरांत इंग्रजी वाचणारा मीच. मला त्या कामाचा अभिमान वाटला. तो तसा वाटायला नको होता.

पाद्रीसाहेबांच्या ओसरीवर चटई टाकून मी ती पेटी उघडली. थोरली माझ्याबरोबर आली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची. व्याकरण, भूगोल, अंकगणित यांत निवडण्यासारखे काही नव्हते; खरी निवड होती ती प्राणी-वनस्पतींच्या सचित्र पुस्तकांची. त्यांत दोन चांगली होती. एक विलायतेत छापलेले, गुळगुळीत कागदाचे, त्याच्या सहा प्रती. दुसऱ्याची एकच प्रत, मुंबईला शिळाछापावर काढलेली, मराठीत. ते पलटणीतल्या कोणा डॉक्टराने केले होते आणि त्यात आपल्याकडचे प्राणी होते, हाताने रंग भरलेले.

मी पुस्तके कशी पारखली ते लिहितो, कारण चूक तिथेच सुरू झाली. मी पहिले पान उघडून उत्पन्नकर्त्या देवाचे नाव कुठे आणि किती आदराने घेतले आहे ते बघायचो. मग पाने चाळून, ज्या चित्राला आमच्या जुन्या घरी कोणी हळदकुंकू लावले असते असे एखादे चित्र आहे का, ते शोधायचो. चित्र खरे आहे की नाही, मुलीला त्यावरून अंगणातला प्राणी ओळखता येईल की नाही, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. विलायती पुस्तकाची प्रस्तावना म्हणजे जवळजवळ प्रार्थनाच होती, आणि त्यातल्या झाडांना वऱ्हाडात कोणी पुजत नव्हते, कारण ती वऱ्हाडात नव्हतीच. ते मी चारही घरांसाठी निवडले.

मी पारखत होतो तेवढा वेळ थोरली पालथी पडून मराठी पुस्तक बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, ह्यात आपल्या कुंपणावरचा सरडा आहे. मान वर केलेला."

मी हो म्हणालो आणि ते पुस्तक नको असलेल्या ढिगावर ठेवले.

पाद्रीसाहेबांनी ते तिथून उचलून माझ्या हातात दिले. तुमच्या मुलीला ते आवडले आहे, तुम्ही घेऊन जा, म्हणाले. मी घेतले, पण मनात किंतू ठेवून.

विलायती पुस्तकाची आमच्याकडे काय दशा झाली ती सांगतो. त्यात लाल छातीचा एक पक्षी बर्फात बसलेला होता. बर्फ म्हणजे काय ते सांगताना मी म्हणालो, कापसासारखे पांढरे. तर थोरली म्हणाली, मग त्याच्या अंगाला ते चिकटलेले का नाही, तुमच्या मिशीला तर चिकटते. दुसऱ्या घरच्या गृहस्थांनी मला उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारले की ते ओक नावाचे झाड चिखलदऱ्याला तरी पाहायला मिळेल का, पोरे मागे लागली आहेत. मी म्हणालो, विलायतेत मिळेल. ते म्हणाले, "बरं आहे. तोवर चिंचेवर भागवतो."

मराठी पुस्तक मात्र आमच्या घरात खऱ्या अर्थाने वाचले जात होते. थोरली सकाळी आईजवळ बसून एक पान वाची आणि मग ते पान अंगणात शोधी. कपाशीच्या बोंडातली अळी तिने पुड्यात घालून आठ दिवस पाळली. मी कचेरीतून आलो की दारातच मला काही ना काही दाखवायला तिचा हात पुढे असे. किडा, पीस, सापाची कात. मी थकलेला असायचो. बघितल्यासारखे करून आत जायचो. आज ते हात आठवतात.

मग श्रावण आला. आमच्या गल्लीत बायकांनी भिंतीवर नाग काढले, लाह्या वाहिल्या. त्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तक उघडले तर सापांच्या पानावर पाच-सहा लाह्या चिरडलेल्या. त्या पानावर दहा-बारा साप एकत्र काढलेले होते, मधोमध फणा काढलेला नाग. धाकटीने, वय वर्षे पाच, त्याच्यासमोर लाह्या ठेवून हात जोडले होते. बायको हसत होती. म्हणाली, पोर आहे, शेजारी बघून केले.

ज्यासाठी मी आईबापांना, भावांना, साऱ्या गोताला सोडले, ते माझ्या घरात पुस्तकाच्या वाटेने परत येत आहे असे मला वाटले. आज लिहिताना ते खुळेपणाचे वाटते. त्या दिवशी तसे वाटले नाही. मी चुलीवर खळ शिजवली आणि मुंबईच्या वर्तमानपत्राचा कागद कापून ते पान झाकले. मग गाय झाकली, बैल झाकला. पिंपळ आणि तुळस. वानर. हत्ती, मोर, कासव. मासाही. शेवटी उंदीर राहिला होता. तो गणपतीचे वाहन म्हणून तोही झाकला.

बायको दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "डास तेवढा राहू द्या. त्याला कोणी पुजत नाही."

मी हसलो नाही. दोन्ही मुलींना बोलावले, पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावला आणि ती पाने उघडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. शास्त्रात शपथ वाहू नका असे स्पष्ट आहे, हे मला माहीत होते. पण ज्या घरात मी वाढलो तिथे पोरांकडून काही कबूल करून घ्यायचे तर देवासमोर हात ठेवायला लावत. मी देव बदलला होता, सवय तीच होती. धाकटीने चटकन हात ठेवला आणि पळाली. थोरलीने ठेवला, पण आधी विचारले, "ती खोटी आहेत का बाबा?" मी म्हणालो, खोटी नाहीत, आपल्याला नकोत. तिने मान हलवली.

त्यानंतरच्या कापसाच्या हंगामात साहेबांनी मला अकोल्याला पाठवले. तिथे मोर्णा नदीच्या काठी दोन खोल्यांचे घर मिळाले. मागच्या बाजूला एका शेतकऱ्याचे वांग्या-मिरच्यांचे वावर होते आणि त्याची बायको दिवसभर तिथे राबत असे. मुली तिला मावशी म्हणत. मला ती बुवा म्हणे, आणि त्यात थोडी थट्टा असे. पहिल्या दिवशी तिने विचारले होते की बामन होते अन् किरिस्ताव झाले, तर आता मले सांगा, तुमाले हाक काय मारू. मी म्हणालो, काहीही मारा. तेव्हापासून बुवा.

अकोल्यात काम दुप्पट झाले. शिकवणे बायकोवर पडले. मी रविवारीच काय तो मुलींपाशी बसायचो, तोही पेंगत.

दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकातला एक रविवार होता. बायको गावातल्या दुसऱ्या ख्रिस्ती घरी बाळंतिणीला बघायला गेली होती. दुपारी थोरली नदीच्या डबक्याकडून लंगडत आली आणि म्हणाली, साप चावला. डाव्या पायाच्या घोट्यामागे रक्त होते.

मला त्या क्षणी जे झाले ते मी सांगू शकणार नाही. तिला मी बाजेवर निजवले. ती घाबरली होती, पण रडत नव्हती. उलट मलाच सांगू लागली.

"बाबा, पाणदिवड आहे. अंगावर चौकटी चौकटी होत्या. तिला विष नसतं."

मी विचारले, "तुला काय माहीत? कुठे पाहिलीस तू पाणदिवड?"

ती उशीचे टोक चाचपू लागली.

मी पुन्हा विचारले. जोरात विचारले. तिने तोंड भिंतीकडे वळवले. मला वाटले, पोर मला धीर द्यायला काहीबाही बोलते आहे, हिला काही माहीत नाही.

ओरडा ऐकून शेजारीण वावरातून आली. तिने पाय हातात घेऊन पाहिला आणि सावकाश बोलली.

"दिवडच हाय बुवा. नागाचे दोन दात लागते. हे पाहा, आरीवानी बारीक दातायची ओय उमटली. तुमी काहून इतके घाबरून राहिले? हयद लावा अन् निजू द्या पोरीले."

तिचे मी ऐकले नाही. का ऐकले नाही तेही लिहितो. हीच बाई श्रावणात वारुळापुढे दूध ठेवते, हिला सापाचे काय कळणार, असे माझ्या मनात आले. मी पुस्तक आणले. सापांचे पान झाकलेले होते. ते उघडायचे तर पाणी तापवून वाफ द्यायला हवी होती, आणि तेवढा वेळ नाही असे मला वाटले. त्याच्या मागच्या पानावर उपाय छापला होता, तो मोकळा होता: विषारी दंश असल्यास जागा तात्काळ कापावी आणि तापल्या लोखंडाने डागावी. विषारी असल्यास, असे लिहिले होते. ते मी वाचले आणि त्यातले 'असल्यास' सोडून दिले.

पाणी तापवायला वेळ नव्हता. लोखंड तापवायला मात्र मी वेळ काढला.

शेजारणीने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. ती धाकटीला उचलून बाहेर गेली, कारण धाकटी किंचाळू लागली होती. वस्तरा माझाच होता, चुलीतली सळईही मीच धरली होती. थोरलीने उशीचे टोक दातांत धरले. तिने एकदाही नको म्हटले नाही. हे मला अजून समजून घेता येत नाही, किंवा समजते म्हणूनच त्यापाशी थांबवत नाही.

तिला विष चढले नाही. चढणारच नव्हते. संध्याकाळी बायको परत आली, तिने पाय पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलली. जखम चिघळली. बरी झाली तेव्हा टाचेमागची शीर आखडली होती. त्या दिवसापासून थोरली लंगडते. थोडेच लंगडते, असे लोक मला बरे वाटावे म्हणून सांगतात.

तिचा ताप उतरला त्या आठवड्यात मी सापांचे पान उघडायला बसलो. ती म्हणाली ते खरे होते का, एवढे मला बघायचे होते. वाफेची गरजच पडली नाही. कोपऱ्याला नख लावताच कागद सहज सुटून आला. खाली खळ होती, पण ती माझी नव्हती. माझी गव्हाची, पांढरी. ही करड्या रंगाची, कणीदार, ज्वारीच्या पिठाची. कोणीतरी माझा कागद आधी सोडवला होता, चित्र पाहिले होते आणि तो परत जागच्या जागी, कडेला कड जुळवून लावला होता. मी बाकीची दहा पाने पाहिली. सगळीकडे ज्वारी.

पाणदिवड खालच्या ओळीत होती. अंगावर चौकटी चौकटी. शेजारी छापले होते, निर्विष, चपळ, डिवचल्यास चावते.

तेव्हा मला ते भिंतीकडे वळवलेले तोंड कळले. कुठे पाहिलीस, असे मी विचारले होते. उत्तर द्यायचे तर शपथ मोडल्याचे कबूल करावे लागले असते. माझ्या मुलीने मनातल्या मनात दोन्ही पारडी जोखली आणि तापले लोखंड तिला हलके वाटले. दहा वर्षांच्या पोरीला ते हलके वाटावे असा बाप मी झालो होतो.

मी काय करायला हवे होते हे उघड आहे. उठून चार पावले चालून तिच्या बाजेपाशी जायला हवे होते. मी कागद परत लावला आणि पुस्तक फडताळात ठेवले.

बायकोपुढे मी चूक कबूल केली. प्रार्थनेत तर रोज. पुढच्या नाताळाला आम्ही अमरावतीला गेलो तेव्हा उपासनेत सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितले की मी घाईने, अभिमानाने, नको असताना लेकराला डागले. बायांनी डोळ्यांना पदर लावले. पाद्रीसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले की बापाची घाई हीसुद्धा प्रीतीच असते. मला फार हलके वाटले, आणि त्या हलकेपणाची मला आज जास्त लाज वाटते. परतताना मूर्तिजापूरच्या वाटेवर बैलगाडीत थोरलीने आईला हळू विचारले, "बाबांनी सगळ्यांना माझा पाय कशाला सांगितला?" मी पुढे गाडीवानाजवळ बसलो होतो. मला ऐकू आले. मी मागे वळलो नाही.

आमच्याकडे बाप मुलीची क्षमा मागत नाही. जुन्या घरात मागत नव्हता, नव्या मंडळीतही तसा बाप मी पाहिला नव्हता. क्षमा वर मागायची असते, असे काहीसे अंगवळणी पडलेले होते. मी त्याच्या आड लपलो. एक वर्ष गेले, दुसरे गेले. माझी मुलगी माझ्याशी आदराने वागत होती. जेवायला हाक मारी, कंदिलाची काच पुसून ठेवी. पण दारात हात पुढे येणे थांबले. ती अंगणात काहीतरी न्याहाळत बसलेली असे आणि मी आलो की उठून उभी राही. एकदा लिंबावर एक पक्षी बसला होता. मी विचारले, हा कोणता गं. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आले असते.

शिकत ती होतीच. शेजारणीच्या वावरात जाऊन शिकत होती, आईला सांगत होती, धाकटीला शिकवत होती. तिला जे माहीत होते ते सगळ्या घराला माहीत होते, माझ्याखेरीज. मी खोलीत शिरलो की ते बोलणे थांबे. असेच चालू राहिले तर ती मोठी होईल, आपल्या घरी जाईल, आणि तिला काय माहीत होते हे मला कधीच कळणार नाही, एवढे मला दिसत होते.

लढाई संपली. कापसाचा भाव उतरला. ज्या कचेरीत पाय ठेवायला जागा नसे तिथे दुपारी माशा घोंगावू लागल्या. मला बोलायला कोणाची वाक्ये उरली नाहीत आणि वेळ मात्र पुष्कळ उरला. त्याच सुमारास पाद्रीसाहेबांनी दुसरी पेटी पाठवली. आगगाडी आता जवळ आली होती, त्यामुळे पुस्तके दबली-भिजली नव्हती. सोबत चिठ्ठी होती की चार घरांची आता सात झाली आहेत, जीवसृष्टीचे एक पुस्तक सगळ्यांसाठी निवडून कळवा.

मी दुपारी ओसरीवर चटई टाकली आणि थोरलीला हाक मारली. ती आता तेरा वर्षांची होत आली होती. डावी टाच न टेकता तिरकी बसायची तिची पद्धत झाली होती, तशी बसली. मी पाच पुस्तके तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, ह्यांतले तू निवड, सातही घरांसाठी.

तिने ती एकावर एक नीट रचली, मोठे खाली, लहान वर. मग हात मांडीवर ठेवले.

"तुम्हाला चालेल ते," म्हणाली.

मी म्हणालो, मला यातले फारसे कळत नाही, तू सांग. तिचे हात मांडीवरच राहिले. मी वरचे पुस्तक उघडले. नवे होते, चित्रे चांगली होती. सापांचे पान काढून मी तिच्यासमोर धरले आणि विचारले की यात पाणदिवड कोणती.

तिने पानाकडे पाहिलेच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी कोणते उत्तर मागतो आहे ते शोधत असल्यासारखी.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

माझी मुलगी खोटे बोलत नसे. मला सांभाळायला, किंवा स्वतःला सांभाळायला, ती मला येत नाही म्हणत होती, आणि ते तिला जन्मभर म्हणायला लागू नये म्हणून करण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती मी अडीच वर्षे करत नव्हतो. मी पुस्तक मिटले. आत बायकोच्या हातातले भांडे थांबले, ते मला ऐकू आले. जे बोललो ते सलग बोललो नाही, पण शब्द हेच होते.

"बाळ, तुला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं आणि तू मला खरं सांगितलंस. ती पानं तू उघडलीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. उघडलीस ते बरंच केलंस. मी ती झाकली हे चुकलं. तुझ्याकडून शपथ घेतली हे त्याहून चुकलं. तू पाणदिवड म्हणालीस आणि मी ऐकलं नाही, तुझा पाय मी जाळला. हे मी देवाला सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, अमरावतीला सगळ्या लोकांना सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर मला तोंड नव्हतं. मी तुझी क्षमा मागतो. तू आज दिली नाहीस तरी चालेल."